पडद्यावरील केशरंजन

रंगीत छायाचित्रण सर्वत्र रूढ होण्यापूर्वी तालुक्याच्या गावातील फोटो स्टुडिओत रंग भरणारा एखादा कारागीर हमखास असे. कृष्णधवल छायाचित्र समोर ठेवून तो पातळ, पारदर्शक रंगाचा हात गालांवरून, शालूच्या काठावरून आणि कपाळावरील कुंकवावरून फिरवी. चेहऱ्याची गोलाई किंवा वस्त्राच्या चुण्या त्याला काढाव्या लागत नसत. त्या कॅमेऱ्याने अगोदरच टिपलेल्या असत आणि रंगाखालूनही दिसत राहत. रंग जाड झाला तर मात्र चुण्या बुजत आणि चेहरा चितारलेल्या बाहुलीसारखा सपाट होई. छायाप्रकाश मूळचा ठेवून रंग तेवढा बदलावयाचा, हे त्या कारागिराचे सूत्र. आज तेच सूत्र घराघरांतील शाळकरी मुले संगणकावर वापरताना दिसतात. फरक इतकाच, की त्यांच्यासमोर आजोबा-आजींचे छायाचित्र नसून संगणकीय खेळातील एखाद्या पात्राचे केस असतात.

हा विषय ह्या पृष्ठांवर कसा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. प्रस्तुत लेखकालाही गेल्या वर्षापर्यंत त्यात काही जाणून घेण्यासारखे असेल असे वाटले नव्हते. नववीची परीक्षा संपवून सुटीत घरी असलेली माझी कन्या 'दि सिम्स २' नावाचा खेळ खेळत असे. मॅक्सिस ह्या अमेरिकी संस्थेने तयार केलेला व इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या कंपनीने २००४ साली प्रसिद्ध केलेला हा खेळ २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाजारात आला. त्यात लढाई नाही, शर्यत नाही. एक कुटुंब उभारावयाचे, त्याचे घर बांधावयाचे आणि माणसे लहानाची मोठी, मोठ्याची वृद्ध होताना पाहावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. कन्येने आमचेच कुटुंब उभारले होते. एके दुपारी ती तक्रार घेऊन आली, "बाबा, आजीचे केस काही केल्या होत नाहीत."

माझ्या आईचे निधन होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. तिचे केस निम्म्याहून अधिक पिकलेले होते व त्यांना ती घरीच मेंदी लावीत असे. त्यामुळे कानशिलांपाशी ते नारिंगी, माथ्यावर विटकरी आणि मानेवरील अंबाड्यात जवळजवळ काळे दिसत. खेळातील पात्र वृद्ध झाले की त्याचे केस आपोआप करडे होतात. पण तो करडा रंग सगळीकडे सारखा असतो. तो पाहून नात म्हणत होती, "ही कुणाचीही आजी आहे." तिचे म्हणणे मला पटले आणि आम्ही दोघे त्या कामाला बसलो. त्यातून जे समजले ते येथे मांडीत आहे.

केस नव्हेत, केसांचे चित्र

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. खेळातील दृश्य सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने काढावे लागते. त्यात प्रत्येक पात्राचा एकेक केस वेगळा काढणे घरगुती संगणकाला झेपणारे नव्हे. म्हणून केसांचा आकार तेवढा छोट्या छोट्या त्रिकोणी तुकड्यांनी घडवितात व त्यावर केसांचे चित्र चिकटवितात. ह्या चित्राला 'टेक्स्चर' म्हणतात. आपण त्याला पोतचित्र म्हणू. घडीव आकारावर चित्र चढविण्याची ही पद्धत एड कॅटमल ह्यांनी १९७४ साली यूटा विद्यापीठातील आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडली. पुढे हेच कॅटमल पिक्सार ह्या प्रसिद्ध सजीवपट संस्थेचे अध्यक्ष झाले आणि २०१९ सालचा ट्युरिंग पुरस्कार त्यांना पॅट हॅनरहन ह्यांच्यासह देण्यात आला.

पोतचित्राची फाइल प्रथम उघडून पाहणारा गोंधळून जातो. तेथे डोके दिसत नाही. चौकोनी कागदावर केसांचे सुटे पट्टे, कपाळावरचा भाग, मागचा अंबाडा असे तुकडे इकडेतिकडे मांडलेले असतात. शिंपी अंगरखा बेततो तेव्हा पाठ, पुढा, बाही हे भाग कापडावर असेच सुटे आखलेले असतात. शिवल्यावर त्यांचा अंगरखा होतो. येथे शिवण्याचे काम संगणक करतो. त्यामुळे शिंप्याची अडचणही येथे आहेच. एका तुकड्याच्या कडेला रंग थोडा गडद झाला आणि त्याला जोडून येणाऱ्या तुकड्याची कड फिकी राहिली, तर पात्राच्या डोक्यावर ती शिवण स्पष्ट दिसते.

पोतचित्राबरोबर पुष्कळदा आणखी एक चित्र असते व ते केवळ काळ्या, पांढऱ्या आणि करड्या छटांचे असते. त्याला 'आल्फा' म्हणतात. न्यू यॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे कॅटमल व अल्वी रे स्मिथ ह्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही कल्पना पुढे आणली. ह्या चित्रात जेथे पांढरे, तेथे केस दिसतात. जेथे काळे, तेथे आरपार दिसते. करड्या जागी अर्धवट पारदर्शकता असते. केसांची टोके विरळ होत हवेत विरतात तो परिणाम ह्या आल्फाचा. केवळ रंग बदलू पाहणाराने ह्या चित्राला हात लावू नये. आमच्याकडे पहिल्या दिवशी ते चुकून पूर्ण पांढरे झाले आणि आजीच्या कपाळावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या लोंबू लागल्या.

रंगबदलाची ही हौस तशी नवी नाही. 'सुपर मारिओ ब्रदर्स' ह्या १९८५ च्या जपानी खेळात मारिओ व त्याचा भाऊ लुइजी ह्या दोघांची आकृती एकच आहे. रंग तेवढे वेगळे. त्याच खेळात आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप हेही एकाच आकाराचे असून एक पांढरा व दुसरे हिरवे आहे. त्या यंत्रात स्मृतीची जागा अतिशय मर्यादित होती. चित्रातील ठिपक्यांना रंगांऐवजी क्रमांक दिलेले असत आणि क्रमांक १ म्हणजे कोणता रंग ह्याचा तक्ता वेगळा ठेवलेला असे. तक्ता बदलला की चित्र बदलले. काटकसरीतून निघालेली ही युक्ती होती. आजच्या पोतचित्रात मात्र तसा तक्ता नसतो. ५१२ ठिपके लांब व तितकेच रुंद अशा एका मध्यम चित्रात २,६२,१४४ ठिपके भरतात, आणि प्रत्येकाला लाल, हिरवा व निळा अशा तीन घटकांची ० ते २५५ मधील स्वतंत्र किंमत असते. तेव्हा रंग बदलावयाचा म्हणजे ह्या सर्व किमती एखाद्या नियमाने बदलावयाच्या. तो नियम कोणता, ह्यावर सारे अवलंबून असते.

मेंदीचे गणित

कन्येने प्रथम जे केले ते कोणीही नवशिका करील. केसांचा भाग निवडून तिने त्यावर नारिंगी रंग ओतला. सर्व ठिपक्यांची किंमत एकच झाली, बटा नाहीशा झाल्या आणि डोक्यावर प्लास्टिकची बादली उपडी घातल्यासारखे दिसू लागले. तिने ते पुसून दुसरा प्रयोग केला. काळ्या केसांच्या चित्रावर नारिंगी रंगाचा पारदर्शक थर 'मल्टिप्लाय' म्हणजे गुणाकाराच्या रीतीने चढविला. आता बटा शाबूत राहिल्या, परंतु केस काळेच राहिले. संगणक बिघडला असावा, असा तिचा तर्क होता.

संगणक बिघडलेला नव्हता. गुणाकाराच्या रीतीत खालच्या ठिपक्याची किंमत वरच्या रंगाच्या किमतीने गुणून २५५ ने भागतात. आमच्या नारिंगी रंगाचे घटक लाल २३०, हिरवा १२० व निळा ४० असे होते. काळ्या केसांतील एका ठिपक्याची किंमत तिन्ही घटकांत ३० होती. उत्तर आले २७, १४ आणि ५. हा रंग डोळ्यांना काळाच दिसतो. फार तर उन्हात तांबूस झाक जाणवेल. पांढऱ्या केसातील २२० किमतीच्या ठिपक्याला तोच थर दिला असता १९८, १०४ आणि ३५ असे उत्तर येते व ठिपका स्वच्छ नारिंगी दिसतो.

घरात मेंदी लावणाऱ्या कोणाही स्त्रीला हे गणित न मांडता ठाऊक असते. मेंदी काळा केस उजळवीत नाही. केसातील मूळचे काळे द्रव्य ती काढून घेत नाही, त्यावर आपला रंग चढविते एवढेच. म्हणून एकाच वाटीतील मेंदीने कानशिलाचे पिकलेले केस नारिंगी होतात आणि अंबाड्यातील काळे केस जेथल्या तेथे राहतात. आईच्या डोक्यावर जे तीन रंग दिसत ते मेंदीच्या तीन प्रकारांमुळे नव्हते. मेंदी एकच होती, खालचे केस वेगवेगळे होते. हे लक्षात आल्यावर आमच्या कामाची दिशाच बदलली. नारिंगी, विटकरी आणि काळा असे तीन रंग भरावयाचे नव्हते. आधी आईचे केस मेंदीपूर्वी जसे होते तसे करून घ्यावयाचे आणि मग सर्वांवर एकच थर द्यावयाचा होता.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. काळ्या केसांचे चित्र प्रथम उजळून घेऊन मग रंगवावे, असे सुचेल. ते काही अंशी करता येते. पण त्याला मर्यादा आहे. काळ्या पोतचित्रातील सर्व ठिपके ० ते ६० च्या दरम्यान असतील, तर त्यात उजेडाच्या जास्तीत जास्त ६१ पायऱ्या आहेत. त्या ताणून ० ते २५५ पर्यंत नेल्या तरी पायऱ्या ६१ च राहतात, दोन पायऱ्यांमधील अंतर तेवढे वाढते. परिणामी केसांवर सलग चमक येण्याऐवजी पट्टे उमटतात. म्हणून जाणकार मंडळी नेहमी सोनेरी किंवा करड्या, म्हणजे सर्वांत फिक्या केसांच्या चित्रापासून आरंभ करतात. फिक्याचे गडद करणे सोपे आहे; गडदाचे फिके करताना जे मुळात टिपलेलेच नाही ते आणणार कोठून? जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारी काळवंडलेली छायाचित्रे जरा उजळून छापा, असा आग्रह मी छपाई विभागाकडे वर्षानुवर्षे धरीत आलो आहे. त्यांचे नकार आता मला अधिक न्याय्य वाटतात.

प्रत्यक्ष कृती

ह्या खेळाच्या निर्मात्यांनी 'बॉडी शॉप' नावाची एक पूरक प्रणाली स्वतःच दिली होती. तीत हवी ती केशरचना निवडून नवा प्रकल्प सुरू केला, की तिची पोतचित्रे व आल्फा चित्रे संगणकावरील एका कप्प्यात साध्या चित्रांच्या स्वरूपात काढून ठेवली जातात. वयाच्या अवस्थेनुसार ही चित्रे निरनिराळी असतात. कोणत्याही चित्रप्रणालीत ती उघडावयाची, रंगवावयाची, त्याच नावाने जतन करावयाची आणि बॉडी शॉपमध्ये परतून ताजे चित्र मागवावयाचे. पात्राचे डोके पडद्यावर फिरवून पाहता येते. मनासारखे झाल्यावर ते खेळात समाविष्ट करण्याची सोय आहे.

चित्रप्रणाली म्हणून आम्ही 'गिम्प' वापरली. १९९५ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी तिचे काम सुरू केले. ती विनामूल्य असून तिची तिसरी मोठी आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये आली. व्यावसायिक क्षेत्रात १९९० पासून 'फोटोशॉप' अधिक प्रचलित आहे, मात्र तिला शुल्क पडते. शाळांनी ह्या कामासाठी खर्च करण्याचे कारण नाही.

मूळ चित्राची प्रत बाजूला ठेवणे ही पहिली पायरी. ती सर्वांत कंटाळवाणी असल्याने मुले ती हमखास टाळतात. त्यानंतर करड्या केसांचे चित्र उघडून 'डिसॅच्युरेट' ह्या आज्ञेने त्यातील उरलासुरला रंग काढून टाकावा. ही आज्ञा देताना गिम्प कोणत्या पद्धतीने रंग काढू असे विचारते. लाल, हिरवा व निळा ह्यांची सरळ सरासरी घेतल्यास उजेडाचे प्रमाण डोळ्यांना बिघडलेले वाटते, कारण आपला डोळा तिन्ही रंगांना सारखा दाद देत नाही. दूरचित्रवाणीच्या तंत्रात हिरव्याला सुमारे ५९, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के भार देण्याचा प्रघात होता. गिम्पमधील 'लुमा' ही पद्धत अशाच असमान भारांवर आधारलेली आहे. केसांसाठी ती चांगली चालते.

मग रंगाचा नवा थर. गिम्पमध्ये चित्रे एकावर एक पारदर्शक कागद ठेवल्याप्रमाणे थरांत मांडता येतात आणि वरचा थर खालच्याशी कसा मिसळावा ते ठरविता येते. गुणाकाराची रीत वर आलीच आहे. 'ओव्हरले' ह्या रीतीत उजळ जागा अधिक उजळ व गडद जागा अधिक गडद होतात. तेलकट, चमकदार केसांना ती शोभते. थराची तीव्रता शंभर टक्के ठेवू नये. पन्नास-साठ टक्क्यांवर आणून हळूहळू वाढवीत गेल्यास अंदाज येतो.

एका रंगाच्या थरावर समाधान न मानणाऱ्यांसाठी 'ग्रेडियंट मॅप' ही सोय आहे. खऱ्या केसांत सावलीतील रंग हा उन्हातील रंगाचीच गडद आवृत्ती नसतो. मेंदीचे केस सावलीत काळपट तपकिरी, मधे विटकरी आणि उन्हात नारिंगीपेक्षाही पिवळ्याकडे झुकलेले दिसतात. ग्रेडियंट मॅपमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाच्या प्रत्येक पायरीला कोणता रंग द्यावयाचा त्याची पट्टी आपणच आखून देतो. मारिओच्या काळातील रंगांचा तक्ता येथे वेगळ्या रूपाने परत येतो, असे म्हणावयास हरकत नाही. हौशी मंडळींचे बरे-वाईट काम ओळखण्याची खूणही हीच आहे. सावल्या केवळ काळ्या असतील तर रंग कितीही सुंदर असो, केस टोपासारखे दिसतात.

शेवटी सर्व थर एकत्र करून चित्र मूळ मापाचे व मूळ प्रकारचेच जतन करावयाचे. बॉडी शॉपला बीएमपी प्रकारचे, २४ बिटांचे चित्र लागते. मधल्या काळात कामाची प्रत जेपेग प्रकारात ठेवू नये. फाइल लहान करण्यासाठी तो प्रकार बारीक तपशील गाळतो, आणि केसांच्या चित्रात बारीक तपशिलाखेरीज असते तरी काय?

तीळ आणि तांदूळ

आमच्या कामातील सर्वांत अवघड भाग नारिंगी रंगाचा नव्हता; पिकलेल्या केसांचा होता. करडा केस अशी वस्तू बहुधा नसतेच. केसाच्या मुळाशी रंगद्रव्य तयार होणे थांबले की तो पांढरा उगवतो; शेजारचा अजून काळा असतो. लांबून पाहणाराला दोहोंचे मिश्रण करडे भासते. मिश्रणाचे दोन प्रकार आपल्या शास्त्रकारांनी दोन न्यायांनी सांगितले आहेत. नीरक्षीर न्यायाने मिसळलेले वेगळे ओळखता येत नाही. तिलतंडुल न्यायाने मिसळलेल्यात तीळ तीळच दिसतो आणि तांदूळ तांदूळच. खेळातील तयार करडा रंग हा नीरक्षीर होता. आईचे केस तिलतंडुल होते.

ते साधण्यासाठी खाली काळपट केसांचा थर, वर पांढऱ्या केसांचा थर आणि वरच्या थराला एक मुखवटा अशी योजना केली. गिम्पमधील मुखवटा आल्फासारखेच काम करतो. त्यात काळे असेल तेथे वरचा थर लपतो व पांढरे असेल तेथे प्रकट होतो. सुरुवातीस मुखवटा पूर्ण काळा ठेवून दोन ठिपके जाडीच्या कुंचल्याने, केसांच्या वळणाबरहुकूम, पांढऱ्या रेषा ओढत गेलो. कानशिलांवर दाट, माथ्यावर मध्यम, अंबाड्यावर चार-दोन. ह्या कामाला तीन दुपारी लागल्या. पाचशे बारा ठिपक्यांच्या चित्रात एका ठिपक्याखाली कित्येक केस येतात, तेव्हा आपण ओढतो ती रेषा एका केसाची नसून एका बारीक बटेची असते. हे ध्यानात न घेता फार नाजूक रेषा ओढल्यास त्या दिसतच नाहीत.

दुसरा अनुभव अधिक मौजेचा होता. जवळून सुरेख दिसणारे ते काळेपांढरे केस पात्र दूर गेल्यावर पुन्हा सपाट करडे होत. कारण संगणक दूरच्या वस्तूंसाठी त्याच पोतचित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश मापाच्या प्रती वापरतो. लान्स विल्यम्स ह्यांनी १९८३ साली मांडलेली ही पद्धत आजही सर्व खेळांत रूढ आहे. लहान प्रतीत शेजारचे काळे व पांढरे ठिपके एकमेकांत मिसळतात. कन्येला तो दोष वाटला. मला वाटला नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या आईचे केसही आम्हांला करडेच दिसत असत.

दुसऱ्याचे चित्र

रंग बदलण्यापूर्वी चित्र कोणाचे आहे हे पाहणे अगत्याचे आहे. पोतचित्र ही कोणातरी चित्रकाराची कृती असते. आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे संरक्षण कलाकृतींना आहे आणि १९८४ च्या सुधारणेने संगणकीय प्रणालींचाही त्यात समावेश झाला. 'दि सिम्स २' च्या निर्मात्यांनी रंगबदलाचे साधन आपणहून दिले होते, म्हणून तेथे प्रश्न उद्भवत नाही. सर्वच कंपन्यांचे धोरण तसे नसते. अनेकांनी मिळून आंतरजालावर खेळावयाच्या स्पर्धात्मक खेळांत फाइलींमध्ये केलेला फेरफार फसवणूक समजला जातो व खेळाडूचे खाते बंद होऊ शकते. हौशी चित्रकारांनी तयार केलेल्या केशरचना वापरताना मूळ कर्त्याची अट वाचावी, त्याचे नाव नमूद करावे आणि त्याचे काम आपले म्हणून वाटू नये. मुलांना ही शिस्त शिकविण्यास केसांचे चित्र हे पाठ्यपुस्तकातील उताऱ्यापेक्षा सोयीचे साधन आहे, असा माझा अनुभव आहे. कारण आपण तीन दुपारी खपून केलेले काम दुसऱ्याने आपल्या नावावर खपविले तर कसे वाटेल, हा प्रश्न त्यांना लगेच समजतो. अनोळखी ठिकाणाहून उतरविलेल्या फाइलींबरोबर संगणकाला अपायकारक प्रणालीही येऊ शकते, हेही त्यांना बजावून सांगावे.

रंगबदलाची एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. चित्राचा रंग बदलतो, आकाराचे वळण बदलत नाही. सरळ केसांच्या घडणीवर कुरळ्या केसांचा कोणताही रंग चढवून ते कुरळे होत नाहीत. आफ्रिकी वंशाच्या लोकांची ही तक्रार जुनी आहे. खेळांतील केशरचना बहुतांशी सरळ केसांच्या आणि त्यांच्या वाट्याला आलेल्या थोड्या व सदोष, असे ते म्हणत आले. अमेरिकेत ए. एम. डार्क ह्या कलावंत-प्राध्यापकांच्या पुढाकाराने २०२३ साली 'ओपन सोर्स ॲफ्रो हेअर लायब्ररी' हा आफ्रिकी केशरचनांचा संगणकीय संग्रह सर्वांना खुला झाला, तो ह्याच उणिवेतून. आपल्याकडील अंबाडा, खोपा, गजरा माळलेली वेणी ह्यांची अवस्था फार वेगळी नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या संस्थेचा 'राजी' हा खेळ २०२० मध्ये आला, त्यात भारतीय नायिका आहे. अशी उदाहरणे वाढावयाची तर आकार घडविणारे व पोत रंगविणारे हात येथेच तयार व्हावे लागतील. सजीवपट, दृक्परिणाम व संगणकीय खेळ ह्या क्षेत्रांसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली स्वतंत्र धोरणास मंजुरी दिली आहे. चित्रकलेच्या शिक्षकांनी आपल्या तासाला एखादे साधे छायाचित्र घेऊन मेंदीचा हा प्रयोग करून पाहिल्यास खेळाचीदेखील गरज पडणार नाही. एक संगणक, गिम्प आणि पिकलेल्या केसांचा एक फोटो पुरे.

आमचे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा उघडण्याच्या आधी पुरे झाले. नारिंगीचा थर सर्वांवरून एकदाच फिरविला आणि कानशिले, माथा, अंबाडा ह्यांनी आपापला रंग आपणच घेतला. मी समाधानाने उठलो; पण कन्या काही फाइल मिटीना. तिने मेंदीच्या थरालाही एक मुखवटा लावला आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्टी पुसून तेथील केस पांढरे केले. कारण विचारता म्हणाली, "शेवटी शेवटी आजी मेंदी लावत नव्हती ना, बाबा. तेवढे वाढले होते."